गांजा नियामक मंडळाचा नमुना मसुदा: मॅसॅच्युसेट्सचा आराखडा घ्यावा का?

मसुदेकर

नमस्कार मंडळी. सार्वजनिक धोरणाच्या अभ्यासक्रमासाठी एक नमुना कायदा लिहायचा आहे. कल्पना अशी, की अमेरिकेतल्या एखाद्या राज्यात मतदारांनी प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला आणि आता सरकारने त्यासाठी नियामक मंडळ उभं करायचं. आधार म्हणून मॅसॅच्युसेट्स निवडलं आहे. तिथे ८ नोव्हेंबर २०१६ च्या सार्वमतात 'प्रश्न ४' सुमारे ५३.७ टक्क्यांनी मंजूर झाला. १५ डिसेंबर २०१६ पासून एक औंस (सुमारे २८ ग्रॅम) जवळ बाळगणं कायदेशीर झालं. पहिली दुकानं मात्र उघडली २० नोव्हेंबर २०१८ ला. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं खिशात ठेवायला परवानगी, पण विकत घ्यायला जागा नाही.

माझे प्रश्न: मंडळात किती जण असावेत, त्यांना कोणी नेमावं? दारूबंदी किंवा अबकारीचं जे खातं आधीपासून आहे त्यालाच हे काम दिलं तर काय बिघडतं? आणि नियम, परवाने, प्रयोगशाळा, कर यांत आधी काय हाती घ्यायचं? 'पारदर्शक आणि सक्षम यंत्रणा' छापाचं उत्तर नको, कलम कसं लिहायचं ते हवंय.

बे_स्टेट

आधी एक दुरुस्ती. आज मॅसॅच्युसेट्समध्ये जे आहे ते मतदारांनी मंजूर केलेलं नाही. मतपत्रिकेवरच्या कायद्यात तीन जणांचं मंडळ होतं. तिघांनाही राज्याच्या ट्रेझररने (खजिनदाराने) नेमायचं आणि मंडळ ट्रेझररच्याच छत्राखाली राहायचं, तिथल्या दारू आयोगासारखं. विधिमंडळाने डिसेंबर २०१६ च्या अखेरीस सहा महिन्यांची मुदत वाढवून घेतली आणि २८ जुलै २०१७ ला गव्हर्नर बेकर यांची सही झालेल्या नव्या कायद्याने पाच जणांचं कॅनबिस कंट्रोल कमिशन तयार केलं.

पाच जागांची वाटणी अशी. गव्हर्नरने एक नेमायचा, त्याला सार्वजनिक आरोग्य, मानसिक आरोग्य, व्यसनमुक्ती किंवा विषशास्त्राचा अनुभव हवा. ॲटर्नी जनरलने (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याने) एक, सार्वजनिक सुरक्षेतला. ट्रेझररने एक, कंपनी व्यवस्थापन किंवा वित्त क्षेत्रातला. उरलेले दोघं या तिघांनी बहुमताने निवडायचे: एक कायदा, धोरण किंवा सामाजिक न्यायाचा जाणकार, दुसरा नियंत्रित उद्योगांचा. मुदत पाच वर्षं. अध्यक्ष कोण ते ट्रेझरर ठरवणार. शिवाय २५ जणांचं सल्लागार मंडळ.

जागांच्या पात्रता कलमात लिहिणं ही यातली चांगली गोष्ट. नाहीतर निवडणूक हरलेले आमदार आणि मोहिमेतले देणगीदार यांची सोय लावण्यासाठी अशी मंडळं फार उपयोगी पडतात. पण तुमच्या मसुद्यात नक्कल करू नये असं एक भोक तिथे आहे. अध्यक्ष आणि कार्यकारी संचालक यांच्यातली कामाची हद्द कायद्यात नीट आखलेलीच नाही. कर्मचारी कोणाच्या हुकमाखाली? संचालकाच्या कामाचं मूल्यमापन कोण करणार, एकटा अध्यक्ष की पाचही जण मिळून? संचालक दीर्घ रजेवर गेला तर सही कोणाची चालेल? पहिले अध्यक्ष स्टीव्हन हॉफमन यांच्या काळात हे समजुतीने निभावलं. सप्टेंबर २०२३ मध्ये ट्रेझरर डेबोरा गोल्डबर्ग यांनी नंतरच्या अध्यक्ष शॅनन ओब्रायन यांना निलंबित केलं, सप्टेंबर २०२४ मध्ये पदावरून काढलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना पुन्हा खुर्चीवर बसवलं. दोन वर्षं खटल्यात गेली. मधल्या काळात, जून २०२४ मध्ये, राज्याच्या इन्स्पेक्टर जनरलने (सरकारी कारभारातले गैरप्रकार तपासणाऱ्या अधिकाऱ्याने) विधिमंडळाला पत्र लिहून आयोगाला सुकाणूच नाही असं म्हटलं आणि प्रशासक नेमण्याची मागणी केली. जून २०२५ मध्ये हाउसने (कनिष्ठ सभागृहाने) पाचाचे तीन करून तिघांनाही गव्हर्नरने नेमावं असं विधेयक मंजूर केलं. म्हणजे फिरून तीनवरच, फक्त नेमणारा बदलला.

मसुद्यात तीन वाक्यं घाला. एक, आयोग नियम, परवाने आणि दंड ठरवेल; नोकरभरती, खरेदी आणि तपासण्या संचालक करेल. दोन, संचालकाची नेमणूक व बडतर्फी आयोगाच्या बहुमताने होईल, आणि तो गैरहजर असताना कोणता उपसंचालक आपोआप प्रभारी होईल ते पद नावानिशी लिहिलेलं असेल. तीन, सदस्याला काढण्याची कारणं, सुनावणी कोणापुढे होणार आणि किती दिवसांत संपणार.

खुल्या बैठकांच्या कायद्याचंही भान ठेवा. तिथे बैठकीची सूचना ४८ तास आधी लावावी लागते आणि त्यात शनिवार, रविवार, सुट्ट्या धरत नाहीत. सोमवारी सकाळी बैठक असेल तर नोटीस गुरुवारी सकाळपर्यंत लागायला हवी. पाच जणांच्या आयोगात तीन जणांनी एखाद्या प्रकरणावर ईमेलवर मतं मांडली तरी ती गुपचूप भरलेली बैठक ठरते. तीन जणांचं मंडळ केलं तर दोघांचंच बहुमत, म्हणजे दोन सदस्यांनी कॉरिडॉरमध्ये कामाचं बोलणंही अडचणीचं. मला पाच बरे वाटतात ते मुख्यतः याच कारणासाठी.

अबकारीवाला

बे_स्टेट यांनी आयोगाची रचना छान सांगितली, पण नवं खातं काढण्याची किंमत सांगितली नाही. माझं मत उलटं आहे. आधीचं खातं सुस्थितीत असेल तर त्यालाच हे काम द्यावं.

वॉशिंग्टन राज्य पाहा. तिथे नोव्हेंबर २०१२ मध्ये 'पुढाकार ५०२' (मतदारांनीच मांडलेला कायदा) मंजूर झाला आणि गांजा लिकर कंट्रोल बोर्डाकडे गेला: तीन सदस्य, तिघेही गव्हर्नरने नेमलेले, मुदत सहा वर्षं. योगायोग असा की २०११ च्या सार्वमताने सरकारी दारू दुकानं बंद करायचं ठरलं होतं आणि जून २०१२ मध्ये ती विक्री खासगी हातात गेली. म्हणजे तपासनीस, परवाना विभाग, सुनावणी अधिकारी, कर गोळा करायची पद्धत, सगळं जागेवर होतं आणि कामाचा एक मोठा भाग नुकताच सुटला होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये नियम, नोव्हेंबर २०१३ मध्ये ३० दिवसांची अर्जखिडकी, जिथे अर्ज जास्त तिथे सोडत, आणि ८ जुलै २०१४ ला विक्री सुरू. मतदानापासून २० महिने, आणि तेही पुढे कोणी वाट दाखवायला नसताना. कोलोरॅडोत तर काम महसूल खात्याच्या एका विभागाकडे होतं आणि दुकानं १ जानेवारी २०१४ ला उघडली. वॉशिंग्टनच्या मंडळाचं नाव २०१५ मध्ये लिकर अँड कॅनबिस बोर्ड झालं.

याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. दारूवाल्या खात्याला दुकान, वय आणि कर कळतो. शेती, कीटकनाशकं आणि रुग्ण कळत नाहीत. वॉशिंग्टनमध्ये औषधी गांजाची आधीची मोकळी व्यवस्था २०१६ मध्ये याच मंडळाखाली आणली तेव्हा दुकानांची मर्यादा ३३४ वरून ५५६ करावी लागली, आणि तरी रुग्णांची कुरकुर थांबली नाही.

दुसरी चूक संगणकाची. रोपापासून गिऱ्हाइकापर्यंत माल मोजणाऱ्या प्रणालीचा कंत्राटदार २०१७ मध्ये बदलायचा ठरला. जुनं कंत्राट ऑक्टोबरच्या अखेरीस संपलं आणि नवी प्रणाली तयारच नव्हती. मधले तीनेक महिने परवानाधारकांनी स्प्रेडशीट भरून पाठवल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये नवी सुरू झाली आणि लगेच कोणीतरी आत शिरून माहिती उतरवून घेतली. त्यात माल नेणाऱ्या गाड्यांचे नंबर आणि मार्ग होते. बँका दारात उभं करत नसल्यामुळे हा धंदा बराचसा रोखीवर चालतो, त्यामुळे ही माहिती कोणाच्या कामाची होती ते सांगायला नको. पुढे ती प्रणालीही सोडून साधी अहवाल-पद्धत आणली. तेव्हा तुमच्या मसुद्यात एक कलम घाला: जुन्या कंत्राटाची मुदत नवी प्रणाली चालू झाल्यावर किमान सहा महिने समांतर राहील, आणि सगळी माहिती पुरवठादाराची नसून राज्याची मालमत्ता असेल.

आणि ऑरेगॉनची चूक करू नका. तिथल्या दारू आयोगाकडे परवान्यांची कमाल संख्याच नव्हती. जो पात्र त्याला परवाना. २०१९ च्या स्वतःच्याच अहवालात त्यांनी लिहिलं की बाजारात साडेसहा वर्षं पुरेल एवढा माल साठलाय. राज्याबाहेर पाठवणं केंद्रीय गुन्हा, मग जादा माल कुठे जातो?

मसुदेकर

दोघांचेही आभार. वॉशिंग्टन २० महिने आणि मॅसॅच्युसेट्स २४, एवढाच फरक असेल तर 'नवं खातं म्हणजे उशीर' हे पटत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात विक्रीची तारीख १ जुलै २०१८ होती. मग ती नोव्हेंबरवर का गेली? आयोग हळू होता का?

परवानाखिडकी

आयोग हळू नव्हता. सप्टेंबर २०१७ मध्ये पाच जण नेमले गेले, डिसेंबरमध्ये मसुदा नियम, फेब्रुवारीत राज्यभर जनसुनावण्या, १५ मार्च २०१८ च्या मुदतीत अंतिम नियम, एप्रिलमध्ये अर्ज, २१ जूनला पहिला तात्पुरता परवाना. सहा महिन्यांत नियम लिहून काढणं हे कोणत्याही सरकारी खात्याच्या मानाने भरधावच. अडलं दोन ठिकाणी, आणि दोन्ही आयोगाच्या खिडकीबाहेर होती.

पहिलं ठिकाण प्रयोगशाळा. तपासणी झाल्याशिवाय माल विकता येत नाही आणि माल राज्याच्या हद्दीबाहेर नेता येत नाही, त्यामुळे शेजारच्या राज्यातली प्रयोगशाळा चालत नाही. प्रयोगशाळेला आयएसओ १७०२५ (चाचणी प्रयोगशाळांचा आंतरराष्ट्रीय दर्जा) मान्यता हवी आणि तिच्या मालकीत शेतकरी किंवा दुकानदार नको. दुकानं नोव्हेंबरपर्यंत थांबली कारण दोन प्रयोगशाळांना काम सुरू करायची परवानगी तेव्हा मिळाली. तुमच्या मसुद्यात क्रम असा लावा: प्रयोगशाळांचे अर्ज सगळ्यांत आधी उघडायचे, मग लागवड, त्यानंतर प्रक्रिया, शेवटी दुकान. बंदिस्त जागेत रोप लावल्यापासून वाळवून पॅक करेपर्यंत चारेक महिने धरा. दुकानाचा परवाना आधी दिला तर तो माणूस रिकाम्या गाळ्याचं भाडं भरत बसतो, आणि सगळ्यांत आधी बुडतो तो कमी भांडवलाचा, ज्याच्यासाठी सामाजिक समतेची कलमं लिहिलेली असतात.

दुसरं ठिकाण गावं. अर्जाची साखळी सांगतो म्हणजे लक्षात येईल. अर्जदाराने आधी जागा मिळवायची. अर्जाआधीच्या सहा महिन्यांत त्या गावात जाहीर सभा घ्यायची, वर्तमानपत्रात नोटीस द्यायची, ३०० फुटांतल्या शेजाऱ्यांना टपालाने कळवायचं. मग गावाशी 'यजमान गाव करार' करायचा. त्यानंतर आयोगाकडे तीन पुडकी: हेतू आणि भांडवल, पार्श्वभूमी तपासणी, आणि कामकाजाची योजना. अर्ज पूर्ण ठरला की गावाला ६० दिवस विचारणा, आयोगाला निर्णयासाठी ९० दिवस. मग तात्पुरता परवाना, बांधकाम आराखड्याची छाननी, प्रत्यक्ष तपासणी, अंतिम परवाना, आणि शेवटी काम सुरू करायचं वेगळं पत्र.

यात ६० आणि ९० दिवसांची घड्याळं आहेत, पण करारावर घड्याळच नव्हतं. गावाने सही केली नाही तर अर्ज दाखलच होत नाही आणि गावावर कसलंही बंधन नाही. कायद्यात होतं की गाव ढोबळ विक्रीच्या ३ टक्क्यांपर्यंत 'परिणाम शुल्क' घेऊ शकेल, तेही पाच वर्षांपर्यंत आणि प्रत्यक्ष खर्चाशी सुसंगत. व्यवहारात बहुतेकांनी सरळ ३ टक्के लावले, वर देणग्या मागितल्या, आणि खर्चाचा हिशोब कोणी मागितला नाही, कारण मागण्याचा अधिकार कोणाला आहे हेच स्पष्ट नव्हतं. आयोग म्हणत होता करार तपासणं आमच्या अखत्यारीत नाही. टोक गाठलं फॉल रिव्हरने. तिथला महापौर जासिएल कोरेया याने 'विरोध नाही' अशा पत्रांसाठी गांजा व्यावसायिकांकडून पैसे उकळले. मे २०२१ मध्ये केंद्रीय न्यायालयात दोषी, सप्टेंबरमध्ये सहा वर्षांची शिक्षा. एका सहीवर सगळा धंदा अडत असेल तर त्या सहीचा बाजार भरणारच.

ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने आयोगाला करार तपासून मंजूर किंवा नामंजूर करण्याचा अधिकार दिला, परिणाम शुल्काला खर्चाचे कागद लागतात असं स्पष्ट केलं आणि गांजाच्या महसूल निधीतला १५ टक्के वाटा समता निधीला दिला. हे पहिल्या दिवशीच लिहा. गावाला 'नको' म्हणायचा अधिकार जरूर द्या, पण तो एका माणसाच्या सहीने नको. नगरसभेच्या ठरावाने किंवा मतदानाने, आणि ठराविक तारखेच्या आत. न्यू जर्सीने १८० दिवस दिले होते, २१ ऑगस्ट २०२१ पर्यंत. नंतर नाही म्हणालात तरी जे आत आले त्यांना बाहेर काढता येणार नाही. संख्येसाठी मॅसॅच्युसेट्सची युक्ती चांगली आहे: गावातल्या बाटलीबंद दारू दुकानांच्या २० टक्क्यांपेक्षा कमी मर्यादा घालायची तर आधी मतदान घ्या.

जाता जाता अंतराचं. 'शाळेपासून ५०० फूट' एवढंच लिहिलं तर वाट लागते. न्यूयॉर्कच्या गांजा नियामक कार्यालयाने शाळेच्या दारापासून मोजलं, कायद्याचा अर्थ शाळेच्या आवाराच्या हद्दीपासून असा निघाला, आणि जुलै २०२५ मध्ये सुमारे दीडशे दुकानं व अर्जदारांना कळवावं लागलं की तुमची जागा नियमात बसत नाही. त्यांत उघडून गल्ला चालू झालेली दुकानंही होती. कुठून, कुठपर्यंत, सरळ रेषेत की पायवाटेने, आणि मध्ये महामार्ग किंवा नदी असेल तर काय, हे चारही कलमातच लिहा. तारीखही लिहा: अर्ज दाखल झाला त्या दिवशी शाळा तिथे होती का, एवढंच पाहायचं.

हिशोबनीस

पैशाबद्दल अजून कोणीच बोललं नाही म्हणून मी.

मॅसॅच्युसेट्समध्ये १०.७५ टक्के अबकारी, ६.२५ टक्के विक्रीकर, गावाचे ३ टक्क्यांपर्यंत. एकूण कमाल २०. मतपत्रिकेवर अबकारी ३.७५ टक्के होता, विधिमंडळाने वाढवला. वॉशिंग्टनने आधी उत्पादक, प्रक्रियादार, दुकानदार अशा तीन टप्प्यांवर २५ टक्के लावले. करावर कर चढत गेला, म्हणून १ जुलै २०१५ पासून दुकानात एकदाच ३७ टक्के केले. कॅलिफोर्नियाने लागवडीवर वजनाने कर लावला, सुरुवातीला सुक्या फुलांच्या औंसाला ९.२५ डॉलर. पौंडाला १४८ डॉलर झाले. पौंडाचा भाव हजारावर असताना ते खपलं. भाव कोसळला तसा तोच कर शेतकऱ्याच्या मानेवर बसला, कारण वजनाचा कर भावाबरोबर खाली येत नाही. १ जुलै २०२२ ला रद्द करावा लागला. न्यूयॉर्कने टीएचसीच्या (गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाच्या) मिलिग्रॅमवर लावला: फुलांना अर्धा सेंट, अर्काला ०.८ सेंट, खाद्यपदार्थांना ३ सेंट. कागदावर सुंदर. पण प्रयोगशाळेच्या आकड्यावर कर बसला की आकडा कमी दाखवण्यात फायदा, आणि मुळात हिशोब करताना सगळेच घायकुतीला आले. १ जून २०२४ पासून त्याऐवजी घाऊक भावावर ९ टक्के.

जिथे असा कर नाही तिथे रोग उलटा होतो. गिऱ्हाईक टीएचसीचा आकडा बघून घेतं, शेतकरी जी प्रयोगशाळा मोठा आकडा देते तिच्याकडे जातो, आणि प्रयोगशाळेचं बिल शेतकरीच भरतो. बुरशीच्या बाबतीतही तेच. ग्रॅममागे १०,००० वसाहतींची मर्यादा आहे म्हटल्यावर ९,००० चे निकाल पुष्कळ आणि ११,००० चे फारच थोडे दिसू लागले की समजून जावं. यावर उपाय दोनच. नमुना शेतकऱ्याने न देता प्रयोगशाळेच्या माणसाने स्वतः काढायचा, आणि आयोगाने दुकानाच्या फळीवरून माल उचलून स्वतःच्या संदर्भ प्रयोगशाळेत फेरतपासणी करायची. त्यासाठी लागणारा पैसा अर्थसंकल्पात वेगळ्या शीर्षाखाली बांधून ठेवा, नाहीतर पहिल्याच कपातीत तो जातो.

आता केंद्रीय आयकराचं कलम २८०ई. केंद्रीय अमली पदार्थ कायद्याच्या शेड्यूल १ किंवा २ मधल्या पदार्थाच्या धंद्याला मालाची किंमत सोडून कुठलाच खर्च वजा करता येत नाही. उदाहरण घ्या. विक्री १० लाख डॉलर, मालाची किंमत ६ लाख, भाडं-पगार-वीज ३ लाख. इतर दुकानाचा नफा १ लाख, त्यावर २१ टक्क्यांनी २१,००० कर. गांजा दुकानाला ४ लाखांवर ८४,०००. हातात राहिले १६,०००, त्यातून राज्याचा कर. तेव्हा परवाना शुल्क आणि परिणाम शुल्क ठरवताना 'दहा लाखांचा धंदा आहे, तीस हजार सहज देईल' असं धरू नका. ३ टक्के म्हणजे तीस हजारच, आणि त्याच्याकडे सोळा आहेत. राज्याच्या आयकरात मात्र ही वजावट द्यायला राज्याला कोणी अडवत नाही. मॅसॅच्युसेट्सने २०२२ मध्ये दिली.

महसुलाचा अंदाज बांधताना भावाची घसरण धरा. तिथे २०२१ च्या आसपास औंस सुमारे ४०० डॉलरला होता, २०२४ पर्यंत दीडशेच्या खाली आला. २०२४ ची उलाढाल १.६४ अब्ज डॉलर, म्हणजे एकूण आकडा फुगलेला दिसतो. प्रत्येक दुकानाचा मात्र सुकलेला असतो. भाव टिकवायला त्यांच्या नियमात एक हत्यार आहे. लागवडीच्या क्षेत्रफळाचे ११ थर, सगळ्यांत वरचा एक लाख चौरस फूट आणि तीच एका मालकाची कमाल. सहा महिन्यांत पिकवलेल्याच्या ८५ टक्के माल विकला असेल तर वरच्या थरात जाता येतं, ७० टक्क्यांपेक्षा कमी विकला तर आयोग खालच्या थरात ढकलू शकतो. कलम चांगलं आहे. वापरायला धाडस लागतं.

नगरी

'हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ' असं कोणी म्हणण्याआधी. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने सात खंडांच्या अहवालात बंदी नको म्हटलं होतं आणि जवळजवळ हेच सुचवलं होतं: परवान्याशिवाय लागवड नाही, लागवड मोजक्या जागी एकवटायची, दुकानांची संख्या मर्यादित, जवळ बाळगायच्या मालाला मर्यादा, पुरेसा कर, आणि दुकानाची जागा ठरवताना स्थानिकांचं मत. शेवटचा मुद्दा परवानाखिडकी यांच्या उत्तराशी ताडून पाहा.

आजच्या भारतात तुमचा मसुदा तसाच लावता येणार नाही. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थ) कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया व्याख्येबाहेर, म्हणून भांग राज्यांच्या अबकारीखाली राहिली. कलम १० राज्यांना लागवडीचे नियम करू देतं, कलम १४ केंद्राला धागा आणि बियांसाठी लागवडीची सवलत देऊ देतं. त्याच्या आधारावर उत्तराखंडने टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत असलेल्या औद्योगिक भांगेला (हेम्प) परवाने दिले. मौजेसाठीच्या गांजाचं मंडळ राज्याच्या पातळीवर बसत नाही.

न्यू जर्सी आणि बॉस्टनकडच्या वाचकांसाठी: राज्यात कायदेशीर असलं तरी व्हिसा, ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व केंद्रीय कायद्याने चालतं. एप्रिल २०१९ पासून नागरिकत्व खात्याच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय की राज्याच्या परवान्याने गांजा उद्योगात काम केलं तरी सद्वर्तनाच्या अटीला बाधा येऊ शकते. गुन्हा दाखल व्हायलाच पाहिजे असं नाही, अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुलीही पुरते. दुकानात भागीदारी घेण्याआधी इमिग्रेशन वकील गाठा. तुमच्या मसुद्यात परवाना अर्जावर हा इशारा ठळक छापायची सक्ती घालता येईल, खर्च शून्य.

बे_स्टेट

अबकारीवाला यांचा मुद्दा मान्य, पण एक अट घालून. जुन्या खात्याकडे काम द्यायचं तर औषधी गांजासकट पूर्ण द्या. अधिकार दोन ठिकाणी राहिले की काय होतं ते सप्टेंबर २०१९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये दिसलं. फुप्फुसाच्या आजारांमुळे गव्हर्नरने सगळ्या व्हेपवर (ई-सिगारेटसारख्या उपकरणांवर) आणीबाणीची बंदी आणली. औषधी गांजा तोवर आरोग्य खात्याकडून आयोगाकडे आला होता. न्यायालयाने म्हटलं, औषधी व्हेपवर बंदी घालायचा अधिकार आयोगाचा, आरोग्य खात्याचा नाही. मग १२ नोव्हेंबरला आयोगाने स्वतःचा आदेश काढून माल अडकवला, आणि १२ डिसेंबरनंतर बनलेला माल नव्या चाचण्यांच्या अटीवर सोडला. तेव्हा कलमात 'माल रोखणे, परत मागवणे, नष्ट करणे' हे तीन वेगळे अधिकार लिहा. रोखण्याचा आदेश संचालकाने एकट्याने तात्काळ काढावा, आणि ठराविक दिवसांत आयोगाने कायम केला नाही तर तो आपोआप संपावा. रोखलेल्या मालाच्या साठवणुकीचा खर्च कोणाचा, हेही लिहा. त्यावर वकिलांची घरं चालतात.

मसुदेकर, बेकायदा दुकानांचं कलमही विसरू नका. न्यूयॉर्कने मार्च २०२१ मध्ये कायदा केला, पण मंडळाच्या नेमणुका गव्हर्नर बदलल्यावर सप्टेंबरमध्ये झाल्या आणि पहिलं दुकान २९ डिसेंबर २०२२ ला उघडलं. मधल्या काळात शहरात विनापरवाना दुकानांचं पेव फुटलं आणि कार्यालयाला त्यांना कुलूप लावायचा पुरेसा अधिकार २०२४ पर्यंत नव्हता. दुकान सील करण्याचा अधिकार, घरमालकाला दंड, आणि सील तोडल्यास काय, हे पहिल्या आवृत्तीतच असू द्या. नेमणुकांची तारीखही कायद्यातच बांधा: अमुक दिवसांत गव्हर्नरने नावं दिली नाहीत तर ॲटर्नी जनरल देईल. आणि पहिल्या पाच जणांच्या मुदती एक ते पाच वर्षं अशा चढत्या ठेवा, म्हणजे दरवर्षी एकच खुर्ची रिकामी होईल. एक निलंबित, एक रजेवर आणि त्यात एकाची मुदत संपली तर पाचांत दोनच उरतात आणि गणसंख्येअभावी परवान्यांचं नूतनीकरणही थांबतं. तसं झालं तर चालू परवाने पुढच्या वैध बैठकीपर्यंत आपोआप वाढतील, असं एक उपकलम टाकून ठेवा.